लिहित्या हाताचं दुखणं

संगणकाने मनगट धरलं, मान आखडली अशी तक्रार आज घरोघरी ऐकू येते. दुखणं मात्र संगणकापेक्षा फार जुनं. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1713 मध्ये, कामगारांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत, लेखनिकांची दुखणी नोंदवली. कारणं तीन: सतत बसणं, हाताची तीच ती अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. त्यांच्या माहितीतल्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. थोड्याच काळात डावाही गेला. हात बदलला, कामाची रीत तीच राहिली.

पुढे तारायंत्र आलं, तारबाबूंच्या हाताला पेटके येऊ लागले. ब्रिटनने 1908 मध्ये ते दुखणं नुकसानभरपाईच्या यादीत घेतलं.

टाइपरायटरने मात्र नकळत एक सोय केली होती. ओळ संपत आली की घंटी वाजे आणि टंकलेखक डाव्या हाताने दांडा लोटून कॅरेज मागे नेई. कागद बदलायचा, कार्बन लावायचा, चूक खोडायची. दर वेळी बोटांची तीच ती हालचाल मोडायची. कळा जड असल्याने मनगट टेकवून टाइप करणं जमतच नसे. आपल्याकडच्या टाइपिंग क्लासमध्ये पिढ्यान् पिढ्या गिरवलेली बोटांची शिस्त याच यंत्राची. संगणकाने कळा हलक्या केल्या आणि हे सगळे थांबे पुसून टाकले. माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं.

हे झालं हाताचं; पाठीसाठी केल्या जाणाऱ्या ताठ, काटकोनात बसण्याच्या उपदेशाची वंशावळ वेगळी. जर्मन अस्थितज्ज्ञ फ्रान्झ श्टाफेल यांनी 1884 मध्ये कमरेला आधार देऊन सरळ बसण्याचा आग्रह धरला. डॅनिश शल्यविशारद मांडल यांनी विसाव्या शतकात त्यालाच हरकत घेतली: काटकोनात बसलं की ओटीपोटामागचं हाड मागे कलतं, कंबर गोल होते. तरी नीट कसं बसावं ते सांगणाऱ्या फलकांवरचं काटकोनाचं चित्र बदललं नाही.

पुन्हा हाताकडे वळू. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्यांच्या हातदुखीची लाट उसळली. 1990 च्या युरोपीय निर्देशाने पडद्यासमोरच्या कामात ठरावीक काळाने विश्रांती किंवा कामात बदल देणं मालकांवर बंधनकारक केलं. यंत्राने काढून घेतलेला थांबा कायद्याने परत द्यावा लागला.

लॅपटॉपने नवा पेच घातला. पडदा आणि कळा एकाच बिजागरीला बांधलेल्या. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर खांदे उचलावे लागतात, कळा कोपरांच्या पातळीला ठेवाव्यात तर मान वाकते. खाली चार जाड पुस्तकं घालून कीबोर्ड वेगळा जोडला, तरच दोन्ही सांभाळता येतं.