पायी हिंडणारे गेडिससाहेब

तुकोगंजातल्या माझ्या दवाखान्यात परवा ऐंशीच्या घरातल्या एक आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, गुडघे अजून चालतात हो, पण रस्ताच चालू देत नाही." गुडघ्यांचे औषध मी दिले. रस्त्याचे माझ्यापाशी नव्हते. ते देऊ पाहणारा एक गृहस्थ मात्र आपल्या इंदुरात येऊन गेला आहे.

पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात ते इथे आले, तेव्हा साठी ओलांडलेले, म्हणजे आज माझ्याच वयाचे होते. त्यांचा दोन खंडांचा नगररचना अहवाल १९१८ साली दरबारला सादर झाला. आधी रोग्याची पुरी हकीकत, मग निदान आणि औषध शेवटी, ही त्यांची रीत आम्हां होमिओपॅथीवाल्यांना घरचीच वाटते. ही हकीकत ते पायांनी घेत. नकाशा हाती धरून गल्ल्याबोळ हिंडत. लोकांना धास्ती वाटे, की हा साहेब दिसला म्हणजे घर पडणार! प्रत्यक्षात मत उलटे होते. वस्ती चिरून रुंद रस्ता काढला की गरीब बेघर होतो आणि दाटी दुसरीकडे सरकते, असे ते सांगत. त्यापेक्षा मोजकी पडकी घरे काढा, मोकळ्या जागी झाड लावा.

प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ, त्यांतूनच ती जाणार, असे जाहीर केले. झाले, घरोघरी झाडू निघाले! मिरवणुकीत प्लेगचा अजस्र उंदीर होता, आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत मानाने चालणारे सफाई कामगारही. हे दुसरे मला मोठे वाटते.

पुढे २०१३ साली आग्रा-मुंबई रस्त्यावर बीआरटीएस आली. राजीव गांधी चौक ते निरंजनपूर, सुमारे साडेअकरा किलोमीटर, मधली मार्गिका बसला राखलेली. चौकांत कोंडी होई, ही तक्रार खोटी नव्हती. २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने ती काढायला सांगितले. पण हकीकत पुरी घेतली का आपण? तक्रार मोटारवाल्याची ऐकली. बसमध्ये उभ्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याची, मोलकरणीची कुणी ऐकली? छप्पन दुकानच्या गल्लीत वाहने बंद झाली, तिथे आज नातवंडे मोकळी धावतात, हेही आपणच पाहतो.

चातुर्मास संपला की साध्वीजी पहाटे विहाराला निघतात. चार हात पुढची जमीन पाहत, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. हल्ली त्यांच्या मागेपुढे श्रावक चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून, हातात बॅटऱ्या घेऊन चालतात. मीही गेलो होतो. मुंगीकडे साध्वीजींचे लक्ष होते, माझे मागून येणाऱ्या दिव्यांकडे.