लाल डब्याची कुळकथा

इसाओ ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा अ‍ॅनिमेशनपट पाहिलेल्या माणसाला सेइता आणि सेत्सुको ही भावंडं विसरता येत नाहीत, आणि त्यांच्याजवळचा गोळ्यांचा लाल पत्र्याचा डबाही. हा डबा चित्रकारांच्या कल्पनेतला नाही. सेत्सुको जन्मायच्या कितीतरी आधी तो जपानी घरांत पोहोचला होता.

तो साकुमा ड्रॉप्स या गोळ्यांचा डबा; त्यांची सुरुवात १९०८ची. विलायती ड्रॉप जपानी लोक आवडीनं खात, पण ते बाहेरून यायचे. सोजिरो साकुमा यांनी सायट्रिक अ‍ॅसिड घालून पारदर्शक, फळांच्या स्वादाची गोळी देशातच बनवली. आपल्या लिमलेटच्या गोळ्यांचीच ती जात. पुढे ती पत्र्याच्या डब्यात आली. वर लहानसं गोल झाकण, डबा उपडा करून हलवला की एकेक गोळी हातावर पडायची.

गोळी म्हणजे साखर, आणि जपानची साखर मुख्यतः तैवानमधून समुद्रमार्गे यायची. युद्धात जहाजं बुडू लागली, साखर दुर्मीळ झाली, आणि १९४४मध्ये मूळ कंपनीच बंद पडली. म्हणून १९४५च्या उन्हाळ्यात सेइता पुरून ठेवलेल्या शिध्यातून हा डबा काढतो, तेव्हा त्यातली प्रत्येक गोळी शेवटच्या साठ्यातली असते.

मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ची. तिला नाओकी पारितोषिक मिळालं. कोबेवरच्या बॉम्बहल्ल्यात नोसाकांचं घर जळालं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. धाकटी बहीण पुरती दीड वर्षाचीही नव्हती; युद्ध संपता संपता ती उपासमारीनं गेली. तिच्या वाट्याचं अन्न आपण खाल्लं, हे नोसाकांनी पुढे स्वतः सांगितलं आहे. सेइता मात्र शेवटची गोळीसुद्धा बहिणीला देतो. खऱ्या आयुष्यात जो भाऊ होता आलं नाही, तो त्यांनी कागदावर उभा केला. मला ही कथा वाचवत नाही ती त्यामुळेच. मरणाची वर्णनं त्यापुढे सोसवतात.

ताकाहातांनाही आग ठाऊक होती. २९ जून १९४५च्या ओकायामा हल्ल्यात नऊ वर्षांचे ताकाहाता बहिणीबरोबर जळत्या शहरातून पळाले होते. त्यामुळेच की काय, १९८८च्या चित्रपटात ते डब्याला घाईनं हात लावत नाहीत. आधी गोळ्या. त्या संपल्यावर सेइता डब्यात पाणी ओततो, हलवतो आणि सेत्सुकोला पाजतो. ती एकेका फळाचं नाव घेत चव ओळखते. पुढे भुकेनं भान हरपलेली सेत्सुको काचेच्या चकत्याच गोळ्या म्हणून चघळते. शेवटी त्याच डब्यात तिच्या अस्थी. रडवणारं संगीत कितीही आणलं असतं, तरी या चढत्या क्रमानं जे साधलं ते साधलं नसतं.

युद्धानंतर साकुमाचा वारसा दोन कंपन्यांकडे गेला: एकीचा डबा लाल, दुसरीचा हिरवा. लाल डब्यावर पुढे सेत्सुकोचं चित्रही छापलं गेलं, आणि चित्रपट पाहिलेले लोक तो आवर्जून घेऊ लागले. कच्च्या मालाच्या वाढत्या किमती आणि महामारीत घटलेली विक्री यांमुळे लाल डब्याच्या कंपनीनं जानेवारी २०२३मध्ये कारभार बंद केला. हिरवा डबा बनवणारी कंपनी मात्र त्यानंतरही ड्रॉप करत राहिली.