डालग्याखालची एकुलती
बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर, मोताळ्याच्या शिवेला लागूनच जळगाव जिल्हा आहे. मार्च 2006 मध्ये तिथे बर्ड फ्लू सापडला, तोही परसातल्या कोंबड्यांत. महिनाभर आधी नवापूरच्या पोल्ट्रीफार्मांत लाखो पाखरं मारली गेली होती. आता कोंबड्या मारणारी पथकं अंगणात आली. बाधित टापूत एकट्या म्हातारीच्या एकुलत्या कोंबडीलाही सूट नव्हती. भरपाई मिळाली तरी सोबत कुठून मिळणार?

कारण बुलढाण्याकडच्या खेड्यांत अशी कोंबडी घरातलंच माणूस. रात्री बुरडानं विणलेल्या डालग्याखाली झाकायची. सकाळी डालगं उचललं की ती तुरुतुरु चुलीपाशी येते, हातातला भाकरीचा चुरा टिपते. खुडूक झाली, तर जिच्याकडे कोंबडा आहे त्या शेजारणीची अंडी तिच्याखाली ठेवायची आणि 21 दिवस वाट पाहायची.

या घरच्या कोंबडीचं मूळ मात्र रानातलं. तिचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. पण तिच्या पिवळ्या कातडीचं जनुक भारतातल्या करड्या रानकोंबड्याकडून आलं, हे 2008 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. जगभरच्या पिवळ्या पायांत आपल्या रानाचा वाटा आहे, याचा अभिमान वाटायलाच हवा.

2006 च्या बर्ड फ्लूच्या साथीनं परसं कायमची ओस पडली नाहीत. 2019 च्या पशुगणनेत देशातली परसातली पाखरं सुमारे 31.7 कोटी भरली, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास 46 टक्क्यांनी जास्त.