गॅरेजमधलं लेथ आणि त्याच्या डोक्यावरचं मिल

न्यूझीलंडमध्ये घर घेतलं की गॅरेज ओघानेच येतं. शेजारच्या गॅरेजमध्ये डोकावलात तर गाडी बाहेर उभी आणि आत अवजारं, असंही दिसेल. ते पाहून तुम्हालाही एखादं लेथ घ्यावंसं वाटलं, तर पहिला प्रश्न ठरलेला: लेथ आणि मिलिंग एकाच यंत्रात असलेलं जोडयंत्र घ्यावं का? उत्तराआधी थोडं मागे जाऊ.

लेथमध्ये जॉब फिरतो आणि टूल सरकतं. मिलिंगमध्ये कटर फिरतो आणि टेबलाला बांधलेला जॉब सरकतो. कामं उलटी, पण दोन्हींना लागतं तेच: एक भक्कम फिरता स्पिंडल आणि काटकोनात सरकणाऱ्या स्लाइड. म्हणून हौशी कारागीर फार पूर्वीपासून चकमध्ये कटर धरत आणि जॉब उभ्या स्लाइडवर बांधत. खरं जोडयंत्र तेच.

या देशाला अशा जुगाडाची सवय जुनी आहे. टिमरूजवळच्या वाइटोही गावचा शेतकरी रिचर्ड पिअर्स १९०३च्या सुमारास स्वतः बनवलेल्या इंजिनावर विमान उडवायला बघत होता. ते खरंच उडालं का, यावर अजून वाद आहे. इंजिन मात्र शेतावरच्या शेडमध्येच घडलं होतं. इन्व्हरकार्गिलचा बर्ट मन्रो तर त्याहून भारी. १९२० साली घेतलेल्या इंडियन स्काउट मोटारसायकलसाठी त्याने पिस्टनसुद्धा घरी, जुन्या डब्यांत धातू ओतून बनवले. १९६७ साली बॉनव्हिलच्या मिठागरावर तिने ताशी १८३ मैलांच्या वर वेग गाठला.

सगळ्यांच्याच अंगात अशी हौस नव्हती. मोठं कारण परकीय चलनाचं होतं. डिसेंबर १९३८ मध्ये इथल्या लेबर सरकारने आयात परवाने सुरू केले, आणि ती पद्धत पूर्ण सुटायला १९८४ नंतरच्या सुधारणा याव्या लागल्या. सुटा भाग बाहेरून मागवणं सोपं नव्हतं, मग तो घरीच बनवायचा. आपल्याला हे नवीन नाही. भारतातही १९९१ पर्यंत परवान्यांचंच राज्य होतं. महायुद्धात परदेशी यंत्रं येणं अवघड झालं, तेव्हा १९४१ साली किर्लोस्करांनी हरिहरला लेथचा कारखाना काढला. आयटीआयमधून आलेल्या तुमच्यातल्या काहींनी पहिला जॉब म्हैसूर किर्लोस्करवरच केला असेल.

छोट्या वर्कशॉपसाठी इंग्रजांनी १९४६ मध्ये मायफोर्ड एमएल-७ आणलं. साडेतीन इंच सेंटर हाइट, मिलिंगसाठी वरून बसवायची उभी स्लाइड. पुढे ऑस्ट्रियाच्या एम्कोने टेबलावर मावणारं युनिमॅट काढलं. त्याचं हेडस्टॉक उचलून उभ्या खांबावर लावलं की ड्रिल किंवा मिल तयार. आज मिळणारी चिनी जोडयंत्रं त्याच घराण्यातली, फक्त अंगाने मोठी. वर मिलिंगचं वेगळं डोकं असतं.

अडचण तिथेच आहे. मिलचं टेबल म्हणजे लेथचंच कॅरेज, त्यामुळे सरक कमी. त्यावर व्हाइस ठेवला, वरून ड्रिल चक लावला, की मधे उंचीच उरत नाही. खांब गोल असेल तर डोकं वर-खाली करताना ते वळतं आणि जॉबची कडा पुन्हा शोधावी लागते. शिवाय टर्निंग, मग मिलिंग, मग परत टर्निंग असा जॉब आला की तुमचा अर्धा वेळ बांधाबांधीत जातो. मला विचाराल तर दोन यंत्रांना जागा असेल तिथे जोडयंत्र घेऊ नका. आधी चांगलं लेथ आणि उभी स्लाइड, मिल नंतर. गॅरेजच्या एका भिंतीलाच जागा आहे, कामं लहान आहेत, तर मात्र जोडयंत्र खुशाल घ्या. स्पिंडल ते टेबल हे अंतर मात्र स्वतः मोजा. मोटार घरच्या २३० व्होल्ट, १० अँपिअरच्या सॉकेटवर चालणारी हवी.

जुनं इंग्रजी लेथ मिळालं तर डायल इंचात असतील. हा देश १९६९ पासून मेट्रिककडे वळू लागला, यंत्रं मात्र तशीच राहिली. मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दात्यांचा गिअर सोबत आहे का, ते विचारा. आणि कॅरेज चकजवळ नीट बसवून टेलस्टॉककडे सरकवून बघा. तिकडे ते घट्ट होत गेलं, तर बेड चकजवळ झिजलेला आहे.