चाळिशी ओलांडलेली मोटार

२००४ साली, विद्यार्थीदशेत, एका गराज सेलमध्ये मी दहा डॉलर्सना एक रेडिओवर चालणारी मोटार घेतली. लहानपणी अशी मोटार एका परदेश-रिटर्न काकांच्या काचेच्या कपाटात पाहिली होती. हात लावायची मुभा नव्हती. ते दहा डॉलर्स त्या कपाटाला दिलेलं उत्तर होतं म्हणा ना!

ती निघाली तामियाची 'हॉर्नेट', १९८४ सालची. शिझुओकाची ही कंपनी मुळात लाकडाच्या धंद्यातली. १९७६ साली 'पोर्श ९३४' काढून ती रेडिओच्या मोटारींत उतरली. हॉर्नेटच्या पोटात '५४०' जातीची ब्रशवाली मोटर होती आणि निकेल-कॅडमियमचे सहा सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट. वेग कमी करायचा तर वाटेत रेझिस्टर घालायचा, म्हणजे उरलेली वीज उष्णता करून फुकट घालवायची. ही बॅटरी १८९९ साली स्वीडनच्या युंगनरने शोधलेली; हॉर्नेटमध्ये बसली तेव्हा पंचाऐंशी वर्षांची होती.

गंमत अशी, की तिला मोडीत काढणाऱ्या गोष्टी तेव्हाच जन्म घेत होत्या. निओडिमियमचं जबरदस्त चुंबक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे सापडलं. सोनीने लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आणली. स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर ब्रशचं घासणंही संपलं. आता चुंबक फिरतं, तारांची वेटोळी स्थिर राहतात आणि प्रवाहाची दिशा ट्रान्झिस्टर बदलतात.

गेल्या वर्षी माझी तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, ही चालवू या ना!" डॉक्टरेट अंगात आली. ३३०० केव्हीची ब्रशलेस मोटर आणि दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी बसवली. ३३०० गुणिले ७.४, म्हणजे बिनभार मिनिटाला चोवीस हजारांवर फेरे! गाडी बाणासारखी सुटली आणि तिसऱ्या मिनिटाला कर्रकन थांबली. गिअरच्या प्लास्टिकच्या दात्यांचा चुरा झाला होता. एक अवयव बळकट केला, की ताण पुढच्या दुबळ्या अवयवावर जातो, हे मी नोकरीत रोज सांगतो; घरी विसरलो.

मुलीने हिशेब मांडला. २००० केव्ही घेतली, तर १४,८०० फेरे, म्हणजे जुन्या मोटरच्या जवळपास. तशीच आणली. कंट्रोलरमध्ये लिथियमचा कटऑफ लावला, कारण सेल फार खाली उतरला की कायमचा बिघडतो. नवे गिअर सहज मिळाले. २००४ सालीच तामियाने हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली होती.

"मग यात जुनं काय उरलं?" तिने विचारलं. सांगाडा, कवच, झिजलेले टायर. इथे येऊन आपणही बरंच बदललं; पण आपला सांगाडा किती जोर सोसतो, हा हिशेब किती जणांनी केला?

असो. गाडी आता मुलीची आहे. कपाटात ठेवायची नाही, एवढीच अट आहे.