कॅमेरा ठेवायचा कुठे?

१८५१ नंतरची साधारण तीस वर्षं घराबाहेर फोटो काढायला निघालेला माणूस डार्करूम बरोबर घेऊनच निघायचा. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. हाताशी दहा-पंधरा मिनिटं. त्यासाठी तंबू, बाटल्या, पाणी आणि हे सगळं ओढायला घोडा. क्रिमियाच्या युद्धावर गेलेल्या रॉजर फेंटनने दारूच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी घेऊन तिची डार्करूम केली होती. सायकलला या खटाटोपात जागाच नव्हती. शिवाय तेव्हाची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढं चाक आणि त्याच्या माथ्यावर तोल सांभाळत बसलेला स्वार. त्याने कॅमेरा ठेवावा तरी कुठे?

दोन्ही बाजूंची अडचण जवळपास एकाच वेळी सुटली. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती छापली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा तयार काचा बाजारात आल्या. काच आज वापरा, महिन्याभराने धुवा. इकडे १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली. दोन जवळजवळ सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन, मध्ये फ्रेम. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने ‘कोडॅक’ विकायला काढला. छायाचित्रणाच्या इतिहासात डनलॉपचं नाव सहसा कोणी घेत नाही. ते घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. भरीव रबराच्या चाकांवरून खडीच्या रस्त्याने काच नेणं म्हणजे ती फुटणार हे धरूनच चालायचं. हवेच्या टायरने काच वाचवली, आणि कोडॅकने काचेची गरजच संपवली.

पहिला कोडॅक म्हणजे चामड्याने मढवलेली लांबट पेटी. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. त्याला व्ह्यूफाइंडर नव्हता; समोर धरायचा आणि अंदाजाने नेम धरायचा. वरची दोरी ओढली की शटर तयार, बटण दाबलं की फोटो. फोटो यायचा गोल, अडीच इंच व्यासाचा. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो तयार होऊन यायचे आणि कॅमेऱ्यात नवा रोल भरून मिळायचा. सायकलवाल्याला याहून सोयीचं काही नव्हतं, कारण त्याला फोटो काढायला वेळ होता, धुवायला नव्हता.

ही सोय कुठवर जाऊ शकते ते थॉमस ॲलन आणि विल्यम सॅक्टलबेन या दोन अमेरिकन तरुणांनी दाखवलं. सेंट लुइसच्या कॉलेजातून पदवी घेऊन १८९० मध्ये ते निघाले आणि युरोप ओलांडून, तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया आणि गोबीच्या वाळवंटातून १८९२ मध्ये पेकिंगला पोचले. वाटेत अरारात पर्वतही चढले. चीनच्या हद्दीवर, कुलजा इथे, पुढच्या वाटेच्या धास्तीने त्यांनी सामान कमी करायला घेतलं, आणि ते इतक्या निकराने की सायकलींचे हँडल आणि सीटचे दांडेसुद्धा कापून आखूड केले. पण त्यापुढच्या वाटेचेही फोटो आहेत. म्हणजे लोखंड कापलं, कॅमेरा उतरवला नाही. १८९४ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाची खरी ताकद या फोटोंत आहे. त्याआधी, १८८४ ते १८८६ मध्ये, थॉमस स्टीव्हन्स उंच चाकावरून जगाची फेरी करून आला होता आणि हिंदुस्थानातून ग्रँड ट्रंक रोडने गेला होता. त्याच्या पुस्तकात चित्रकारांनी काढलेली चित्रं आहेत. ती देखणी आहेत, पण त्यांतला गर्दीतला माणूस चित्रकाराच्या मनातला आहे. सॅक्टलबेनच्या फोटोतला माणूस त्या दिवशी तिथे उभा होता.

त्याच सुमाराला पिट्सबर्गचा फ्रँक लेंझ एकटाच निघाला. सायकल आणि फोटो हे त्याचे दोन्ही छंद जुने. ‘आउटिंग’ मासिकाने त्याला १८९२ मध्ये जगप्रवासाला पाठवलं. जपान, चीन, ब्रह्मदेश करत तो कलकत्त्याला आला, हिंदुस्थान ओलांडून कराचीला गेला आणि इराणमार्गे तुर्कस्तानात शिरला. मे १८९४ मध्ये एर्झुरूमच्या अलीकडे तो नाहीसा झाला. त्याचा शोध घ्यायला मासिकाने सॅक्टलबेनलाच धाडलं. लेंझ सापडला नाही. पण ऑक्टोबर १८९५ च्या अखेरीस एर्झुरूममध्ये आर्मेनियन लोकांची कत्तल झाली तेव्हा सॅक्टलबेन तिथे होता. एका आर्मेनियन छायाचित्रकाराला घेऊन तो कबरस्तानात गेला. ओळीने मांडलेल्या प्रेतांचे ते फोटो जगापुढे आले, आणि लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याचं पत्र छापून आलं. या वेळी तो सायकलवर नव्हता. तरी मी हा प्रसंग या वंशावळीतलाच मानतो, कारण अनोळखी मुलखात फोटो काढायची सवय आणि हिंमत त्याच्यात आली होती ती सायकलवरून.

१८९०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत सायकलचं वेड शिगेला पोचलं आणि कॅमेरेवाले कामाला लागले. रॉचेस्टरच्या कारखान्यांनी सपाट घडी होणारे प्लेट-कॅमेरे काढले. ‘सायकल पोको’ हे त्यांतलं एक नाव. झाकण खाली पाडलं की तोच कॅमेऱ्याचा पाट, त्यावर लाल चामड्याचा भाता पुढे ओढायचा, काम झालं की सगळं पुन्हा पुस्तकासारखं मिटवायचं. यासाठी चामड्याच्या पिशव्या निघाल्या: हँडलला लटकवायच्या, फ्रेमच्या त्रिकोणात बसवायच्या किंवा मागे बांधायच्या. तिपाई न्यायला नको म्हणून सायकललाच आवळायचे क्लॅम्प निघाले. सायकल झाडाला टेकवायची आणि तिचाच स्टँड करायचा. कॅमेरा मिटवून नेण्याजोगा झाला त्यात सायकलवाल्या गिऱ्हाइकाचा मोठा वाटा आहे.

पण हे लग्न सगळ्यांना सुखाचं वाटत नव्हतं. छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिग्लिट्झने १८९७ मध्ये हातात धरायच्या कॅमेऱ्यावर एक लेख लिहिला. फोटो काढण्याची फॅशन आता शेवटच्या घटका मोजते आहे आणि त्याला मुख्यतः सायकलचं वेड कारणीभूत आहे, असं त्याने त्यात नोंदवलं. हौशे-गवशे सायकलकडे पळाले हे त्याला बरंच वाटलं, कारण मागे उरणार होते ते मनापासून फोटो काढणारे. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हिमवादळात तासन्‌तास उभं राहून फोटो काढणाऱ्या माणसाने असं म्हणणं समजू शकतं. तरी त्याच वर्षी हिंदुस्थानच्या वाटेला लागलेलं एक जोडपं त्याला खोटं ठरवणार होतं.

फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा नवरा विल्यम हंटर वर्कमन. अल्जीरिया आणि स्पेन सायकलवर करून १८९७ मध्ये ते पूर्वेकडे आले. सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, जावा मिळून १४,००० मैल. दिवसाला चाळीसपर्यंत पंक्चर काढायची वेळ त्यांच्यावर आली, उंदरांनी भरलेल्या खोल्यांत रात्री काढाव्या लागल्या. १९०४ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक फोटोंनी भरलेलं आहे आणि त्यांतला मोठा भाग देवळांचा. याचं एक कारण फॅनीची शिल्पाची आवड. दुसरं मला कॅमेऱ्याच्या जागेत दिसतं. पिशवीचे पट्टे सोडून बाहेर काढायच्या कॅमेऱ्यासमोर चालती बैलगाडी थांबत नाही; देऊळ थांबतं. ज्यासाठी उतरावंसं वाटेल त्याचाच फोटो निघतो. त्यामुळे त्या काळच्या सायकलवाल्यांच्या फोटोंत स्थिर गोष्टी फार आहेत आणि खुद्द रस्ता फार कमी.

पुढे हिंदुस्थानातूनही सायकलवाले बाहेर पडले. मुंबईहून ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी ती फेरी पुरी केली आणि १९२८ मध्ये ते परतले. १९३१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. अलीकडे गोव्यात सविया व्हिएगस आणि अनूप बबानी यांनी अशा पारशी सायकलस्वारांचे फोटो मिळवून त्यांचं प्रदर्शन भरवलं. हे काम खरं तर मुंबईने कधीच करायला हवं होतं.

१९२५ मध्ये लायका हा छोटा कॅमेरा आला आणि कॅमेरा पिशवीतून निघून गळ्यात आला. सायकलच्या बाबतीत हा बदल टायरइतकाच मोठा. हँडलवर कॅमेरा ठेवला की रस्त्याचा प्रत्येक दणका थेट भिंगाच्या स्क्रूपर्यंत जातो आणि ते हळूहळू सैल होतात. अंगावर असला की कोपर, गुडघे आणि कंबर तो दणका आधीच पिऊन टाकतात. फक्त पट्टा आखूड हवा आणि कॅमेरा पाठीवर सरकवलेला हवा, नाहीतर वाकलं की तो गुडघ्यावर आपटतो.

गळ्यातल्या कॅमेऱ्याने काय साधलं ते रस्त्यावरची फॅशन टिपणाऱ्या बिल कनिंगहॅमने न्यूयॉर्कमध्ये दाखवलं. निळा, सफाई कामगार घालतात तसला सुती कोट, गळ्यात कॅमेरा आणि बुडाखाली साधी सायकल. पंचवीसच्या वर सायकली चोरीला गेल्या तरी त्याने सायकल सोडली नाही. १९६०च्या दशकात एका छायाचित्रकार मित्राने त्याला छोटा ऑलिंपस पेन दिला आणि तो वहीसारखा वापर असं सांगितलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्याने तेच केलं. रस्त्यावरचे कोट, टोप्या, पावसात डबक्यावरून उडी मारणाऱ्या बाया, सगळं टिपलं. १९७८ मध्ये कोटाच्या खांद्याची बेतणी आवडली म्हणून एका बाईचा फोटो काढला. ती ग्रेटा गार्बो होती हे त्याला नंतर कळलं. मोटारीतून ते खांदे दिसले नसते, आणि पायी तो एका दिवसात इतक्या चौकांत पोचला नसता. २०१६ मध्ये वयाच्या ८७व्या वर्षी तो गेला.

आता चालत्या सायकलवरून फोटो काढण्याविषयी. जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांचं बटण उजव्या हाताला असतं. जर्मनीतला ‘एक्झाक्टा’ हा ठळक अपवाद. म्हणजे उजवा हात हँडल सोडणार आणि ब्रेकवर राहणार डावा. आपल्याकडच्या सायकलींना डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. अचानक दाबला तर चाक घसरेल, पण माणूस हँडलवरून पुढे फेकला जाणार नाही. अमेरिकेत डाव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, त्यामुळे तिथे हाच प्रकार जास्त घातक. बाहेरून आणलेली सायकल चालवणाऱ्याने घाटात कॅमेरा हातात घेण्याआधी हे बघून घ्यावं. उतारावर तर घेऊच नये. चढावर, वेग कमी असताना, एका हाताने तोल सांभाळता येतो आणि फोटोही हलत नाही.

२००४ मध्ये निक वुडमनने मनगटाला बांधायचा, फिल्मवर चालणारा पाण्यातला कॅमेरा विकायला काढला, तो समुद्रावरच्या सर्फिंगसाठी. त्याचे डिजिटल वारस हेल्मेटवर चढले आणि हाताचं कामच संपलं. ब्रिटनमध्ये कामावर जाणाऱ्या सायकलस्वारांना त्याचा निराळाच उपयोग सापडला: खेटून जाणाऱ्या मोटारींचा पुरावा. वेल्समध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ या नावाने पोलीस अशा चित्रफिती स्वीकारतात. इकडे पुण्या-मुंबईचे सायकलवाले फोन जर्सीच्या मागच्या खिशात, घाम आणि पावसासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतात. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या; त्यांत काही ठिकाणी सायकलसकट काढलेला फोटो हाच तिथे पोचल्याचा दाखला असतो. फोन हँडलवर लावणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये खुद्द ॲपलने सूचना काढली. मोटरसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा तिचा आशय. सायकलला इंजिन नाही, पण आपल्या रस्त्यांवर तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

२०२२ मध्ये गार्मिनने सीटच्या दांड्याला लावायचा मागचा दिवा काढला. त्यात रडार आहे आणि कॅमेराही. तो मागून येणाऱ्या गाड्या सतत टिपत राहतो. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. सायकल आपटल्याचं कळलं की आधीचा आणि नंतरचा थोडा भाग तो राखून ठेवतो.