पलटणीतली शाळा

महाड-पोलादपूरकडे फौज आपल्याला नवी नाही. बाप पलटणीत गेला की लेकरांचं काय होई, ते आज ऐकू.

कंपनी सरकारच्या फौजेत नियम होता, शिपायाच्या मुलांनी शिकायचंच. दिवसा मुलांची शाळा, रात्री मोठ्यांची. मुलींनाही सूट नव्हती, मला तर हेच फार मोठं वाटतं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत 14 वर्षं हेडमास्तर होते. गावच्या शाळेची पायरी ज्याला बंद, त्या महार शिपायाचं पोर छावणीत बाराखडी गिरवत होतं.

पण हा नियम छावणीपुरताच. बाप पेन्शनीत निघाला की शाळाही सुटली. दापोलीत असे पुष्कळ महार पेन्शनर राहत. मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्या म्हणून 1892 च्या सुमारास त्यांनी सरकारकडे अर्ज केले. त्याच सुमारास सरकारनं महारांची फौजभरतीच थांबवली. म्हणजे पुढच्या पिढीला पलटणीतली शाळाही उरली नाही.

त्या पेन्शनरांत पुढे होते निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर, आपल्या महाडजवळच्या रावढळचे. भरती पुन्हा सुरू करा म्हणून त्यांनी लेखणी चालवली. 1895 साली सरकारनं त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं, तर बोर्डातले वरच्या जातीचे सभासद नाराज झाले!

रामजी सुभेदारही पेन्शनीनंतर दापोलीतच होते. पुढे नोकरीसाठी साताऱ्याला गेले. तिथल्या शाळेत, हेडमास्तरांचा हा मुलगा घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे.